मळ्यातलं घर: नकाशा हॉलपासून काढायचा की गोठ्यापासून?

डाळिंबराव (१४ मार्च, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

संगमनेर तालुक्यात आमची सहा एकर जमीन. दीड एकर डाळिंब, बाकी कांदा, टोमॅटो, थोडा घास आणि मका. गोठ्यात सात जनावरं, त्यातल्या पाच गाई दुधात. राहतो मात्र गावात, वाड्याच्या वाटणीत आलेल्या अडीच खोल्यांत. मळा तिथून अडीच किलोमीटर. पहाटे साडेचारला मी नाहीतर धाकटा भाऊ धारेला जातो, संध्याकाळी आई-वडील. गेल्या पावसाळ्यात एक गाय रात्री व्यायला अडली. आम्ही पोचलो तेव्हा वासरू गेलेलं होतं. त्या दिवशी वडील म्हणाले, आता वस्तीवरच राहायला जायचं.

माणसं आठ. आई-वडील, मी, बायको, दोन मुलं, भाऊ आणि त्याची बायको. एका ओळखीच्या आर्किटेक्टकडून नकाशा काढून घेतलाय. रस्त्याकडे तोंड करून पोर्च, पोर्चातून हॉल, हॉलमागे डायनिंग, त्यामागे किचन, बाजूला एक बेडरूम, वर तीन. गोठा नि कांदाचाळ नकाशात नाहीतच. कागदाच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन आणि त्यात 'फार्म शेड' एवढंच. दिसायला झकास आहे. भावाला आवडलाय. आई कागद उलटसुलट करून बघते नि म्हणते, "पण ह्यात मी कुठून आत यायचं?"

तेव्हा सगळे हसलो, पण उत्तर कुणालाच देता आलं नाही. ज्यांनी रानात घर बांधलंय त्यांनी सांगा, काय चुकलं, काय जमलं.

कडबाकुट्टी (१४ मार्च, रात्री १०:२५)

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नकाशा बरोबर वाचलाय.

आमचं फलटणकडचं घर २०१४ सालचं. पुढे पोर्च, सागवानी दार, त्यावर कोरलेला गणपती. ते दार वर्षातून तीन वेळा उघडतं: दिवाळी, कुणाचं तरी बघण्याचं, आणि बँकेचा साहेब आला तर. बाकी सगळं घर मागच्या दाराने चालतं, आणि ते दार नकाशात थेट ओट्यासमोर उघडत होतं. म्हणजे चिखलाचे गमबूट, दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, भिजलेली पोती, कुत्र्याचं ताट, सगळं गॅसजवळ. बायको दोन वर्षं बोलली, तिसऱ्या वर्षी बोलायची थांबली. तेव्हा मी घाबरलो.

मग मागची भिंत फोडून १० बाय १४ ची पडवी काढली. तिला एका टोकाला मोरी, तोटी, बाक, खुंट्या, कॅन धुवायचा कट्टा. आता घरातली सर्वात जास्त वापरातली जागा तीच. लाखभर रुपये नंतर घातले, आधी सुचलं असतं तर तीस हजारात झालं असतं.

मागचंदार (१५ मार्च, सकाळी ६:१०)

निफाडकडची आहे, द्राक्षाची बाग आणि चार म्हशी. (हे नाव मी उगाच घेतलेलं नाही.)

डाळिंबराव, नकाशा काही दिवस बाजूला ठेवा आणि एक काम करा. एक अख्खा दिवस, पहिला चहा ते शेवटचा दिवा, घरातली बाई कुठून कुठे किती वेळा जाते ते वहीत लिहून काढा. तुम्ही नका लिहू, तुम्ही विसराल. पोरांना बसवा. पाण्याला किती वेळा, गोठ्यात किती वेळा, चुलीकडे, वाळवणाकडे, फाटकाशी. त्या रेघांवरून घर काढा. आमच्या घरात मी हे बांधकामानंतर केलं, म्हणून सांगतेय. स्वयंपाकघरातून गोठ्यात जायला मला हॉल ओलांडून, पोर्चातून, घराला अर्धा वळसा घालावा लागतो. दिवसातून चाळीस वेळा. हे वर्षाचं किती होतं ते मी मोजत नाही, राग येतो.

स्लॅबवाला (१५ मार्च, दुपारी १:३०)

बांधकामातला माणूस आहे, म्हणून माझा प्रश्न सगळ्यात आधीचा. आर्किटेक्टने घर दाखवलंय तिथे माती कोणती?

काळं रान असेल तर थांबा. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत हात जातो ना, तेवढी तिची हालचाल. पाया वरच्यावर ठेवलात तर घर दर वर्षी उचललं जाणार नि बसणार. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि लोक गवंड्याला शिव्या देतात. त्यात गवंड्याचाही हात असतो म्हणा, पण मूळ दोष जागेचा.

जेसीबी आलाच असेल बांधावर, तर थोडे पैसे जास्त देऊन तीन ठिकाणी खड्डे घ्या. पक्का मुरूम किती खाली लागतो बघा. पाया तिथवर न्यायचा, वर प्लिंथ बीम, आणि जोत्यात भराव मुरमाचाच. खोदून काढलेली काळी माती परत जोत्यात ढकलू द्यायची नाही. ती समोर फुकट पडलेली असते म्हणून ढकलतात, तुम्ही उभे राहा. घराभोवती ४ फूट फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरत नाही. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल नावाचा प्रकार आहे, म्हणजे खाली फुगवटा असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, रुरकीच्या सीबीआरआय ह्या बांधकाम संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच पुढे आणलेला. पण सहा एकरात त्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त.

जुनी गावं माळावर का वसली आणि काळं रान पिकाला का ठेवलं, हे आपल्याला आता चिरा पडल्यावर कळतं.

डाळिंबराव (१५ मार्च, रात्री ९:०५)

बोंबला. आर्किटेक्टने दाखवलेली जागा डांबरी रस्त्याला लागून आहे, आणि ती पक्की काळी. आमचं सगळ्यात चांगलं कांद्याचं रान. मुरमाड तुकडाही आहे, वरच्या बांधाला, १२ गुंठे. तिथे हुलग्याशिवाय काही येत नाही. पण तो रस्त्यापासून दोनशे फूट आत. भावाचं म्हणणं, घर रस्त्यावरून दिसायला पाहिजे.

मागचंदार ताई, कल्पना पटली. पुढच्या आठवड्यात कांदे काढणी आहे, तेव्हा पंधरा दिवस सगळे मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीवरच मुक्कामाला असतो. थोरली सहावीत आहे, तिला वही देतो.

ईशान्यकोपरा (१५ मार्च, रात्री ११:५०)

गोठा कुठल्या दिशेला आहे ते आधी सांगा. स्वयंपाकघर आग्नेयेला, मुख्य दार पूर्वेला, दक्षिणेला तोंड अजिबात नको. एवढं पाळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

कडबाकुट्टी (१६ मार्च, सकाळी ५:४५)

ईशान्यभाऊ, आमच्या गाईंना हे सांगून बघतो.

चेष्टा सोडा, दिशा बघायचीच, पण वाऱ्याची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. ओल, शेण, माश्या ह्यांचा खरा मोसम तोच. म्हणून गोठा घराच्या पूर्वेला, वारा वास घेऊन पुढे जातो. थंडीत वारा उलटा फिरतो हे खरं, पण तेव्हा गोठा कोरडा असतो, चालून जातं. गोठ्याच्या छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, दुपारचं ऊन आत घुसत नाही.

कांदाचाळीचं गणित वेगळं. एक पाखी, म्हणजे एका ओळीची चाळ असेल तर लांबी दक्षिणोत्तर, म्हणजे वारा आडवा आरपार जातो. दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. आणि चाळ घराच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला आली की संपलं. वारा अडला की कांदा घामेजतो, मग सडतो. ऑगस्टमधल्या सडक्या कांद्याचा वास एकदा घेतला की गोठा अत्तराचं दुकान वाटतो. तुमच्या जागी मी चाळ घराच्या उत्तरेला, मोकळ्यावर, ट्रक थेट टेकेल अशी ठेवली असती.

खात्री हवी तर चार कोपऱ्यांना काठ्या रोवून जुन्या साडीच्या पट्ट्या बांधा आणि दोन महिने बघत राहा. टेकडीच्या आडोशाला वारा स्वतःच्या मनाने वळतो, आमच्याकडे वळलाय.

ईशान्यकोपरा (१६ मार्च, सकाळी ९:१५)

म्हणजे चूल आग्नेयेला ठेवली की धूरही घरात येत नाही, हेच मी सांगत होतो.

मागचंदार (१६ मार्च, सकाळी ९:४०)

हे मात्र मान्य :)

सातबारा (१७ मार्च, दुपारी ४:००)

कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, वैरण ठेवायला, शेतमाल साठवायला, जनावरं बांधायला आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाला किंवा गड्यांना राहायला बांधलेली इमारत, असं ते साधारण आहे. पण क्षेत्र आणि जोतं ह्यांच्या मर्यादा आहेत, आणि तुमच्या गावाला प्रादेशिक योजना किंवा शहराची हद्द लागू असेल तर वेगळे नियम. तोंडी 'बांधा हो, कोण बघतंय' ह्यावर जाऊ नका, तहसीलमधून लेखी घ्या. घरकर्ज काढणार असाल तर बँकेला पायाआधी विचारा. बिगरशेती नसेल तर बऱ्याच बँका हात आखडता घेतात.

आणि सातबारा अजून वडिलांच्या एकट्याच्या नावावर आहे का? तुम्ही दोघं भाऊ सांगितलंत, बहिणींचं बोलला नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. घर कुठल्या गटात उभं राहतंय हे सगळ्यांसमोर ठरलेलं बरं.

डाळिंबराव (१७ मार्च, रात्री ८:३०)

एक बहीण आहे. अकोल्याला नाही, अकोलेला, इथून जवळच. तिला रविवारी बोलावलंय. धन्यवाद, हे खरंच डोक्यात नव्हतं.

माळवद (१९ मार्च, सकाळी ७:००)

मी औसा तालुक्यातला. किल्लारीपासून फार लांब नाही.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर दीड-दोन फूट मातीचा थर. मे महिन्यात आत गारवा असा की दुपारी गोधडी लागे. दाराशी ढेलज, आत चौक, एका अंगाला बैलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आधी भूकंप झाला, आणि त्याच भिंती नि त्याच मातीखाली माणसं गेली. दहा हजारांच्या आसपास. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, जास्त लिहीत नाही.

लिहायचं ते पुढचं. नंतर पुनर्वसनाची गावं झाली. सरळ रस्ते, ओळीत घरं, पक्कं बांधकाम. घरं मजबूत होती, त्यात वाद नाही. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, ज्वारी कुठे ठेवायची, ह्याला त्या प्लॅनमध्ये जागाच नव्हती. शेतकऱ्याला शहरातली कॉलनी मिळाली. वर्ष-दोन वर्षांत प्रत्येक घरापुढे पत्र्याचं छप्पर उभं राहिलं, मग न्हाणी, मग चूल. बऱ्याच जणांनी शेवटी आखाड्यावर, म्हणजे शेतातच, मुक्काम हलवला. तुमच्या कागदावरचा तो 'फार्म शेड'चा चौकोन बघून हेच आठवलं.

बांधकामात खिडकीखाली, लिंटलला (दार-खिडकीच्या वर) आणि छपराशी सलग आरसीसीचे पट्टे घ्या. फार खर्च येत नाही. भिंत विटांची असो की दगडाची, पट्टा सोडू नका.

स्लॅबवाला (१९ मार्च, सकाळी ११:१०)

+१. आणि पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये. कोपऱ्यात सळई वळवून पुढे न्यायची. इथेच चोरी होते.

कातळसडा (२० मार्च, रात्री १०:००)

राजापूरकडून. तुमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो, आमच्याकडे तीन हजार, त्यामुळे आमचं सगळं तुम्हाला लागू नाही. पण पडवी अरुंद करू नका. ४ फुटांची पडवी म्हणजे फक्त चपला भिजवायची जागा. आठ फूट असेल तर त्यात माणूस बसतो, पोती राहतात, आजोबा झोपतात. छप्पर पुढे खाली उतरलेलं असू द्या.

कौलांच्या मोहात पडू नका, हे मी कोकणातला असून सांगतो. वानरं आली की मंगलोरी कौलं पापडासारखी जातात.

डाळिंबराव (३० मार्च, रात्री १०:१५)

वही पूर्ण झाली. पोरीने तीन दिवस रेघा मारल्या, प्रत्येक पाचवी रेघ आडवी. कांदे काढणीमुळे माणसं जास्त होती, तेवढं धरून चला. मधल्या दिवसाचे, घरातल्या तिन्ही बायकांचे मिळून आकडे देतो:

खोली ते गोठा ४३. खोली ते हौद ३८. खोली ते बाहेरची चूल २९. फाटकाशी, म्हणजे डेअरीची गाडी, भाजीवाला, कांद्याचा व्यापारी, ९. पाहुणे आले १, तेही बाहेर बाजेवर बसून चहा पिऊन गेले. आत आलेच नाहीत.

पोरीने वहीत शेवटी स्वतःहून एक ओळ लिहिलीय: "आजी एकदाही बसून जेवली नाही." आम्ही रोज सोबत जेवतो असं मी समजत होतो. म्हातारी वाढते, गोठ्यातून हाक आली की उठते, परत येते. रेघा बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

भावाने वही दोनदा चाळली. रस्त्याकडच्या जागेबद्दल तो आता बोलत नाही. मुरमाड तुकड्यात चार फुटांवर पक्का मुरूम लागलाय.

मागचंदार (३१ मार्च, सकाळी ६:२०)

पोरीला माझ्याकडून एक डेअरी मिल्क. मोठी.

आता त्या ४३ चा रस्ता आधी आखा. स्वयंपाकघर घराच्या गोठ्याकडच्या कोपऱ्यात. त्याला लागून पडवी, पडवीत मोरी, हौद पडवीच्या टोकाला, बाहेरची चूल हौदाच्या पलीकडे छपराखाली. ४३, ३८ आणि २९ एका ओळीत आले. ओट्यासमोर खिडकी अशी ठेवा की भांडी घासताना गव्हाण दिसली पाहिजे. गाय उठली, बसली, दोर गुंतला, खिडकीतून कळतं, बाहेर जावं लागत नाही. माझ्या ओट्यासमोर भिंत आहे. त्यावर कॅलेंडर आहे.

गोठ्याचं अंतर किती ह्यावर भांडणं होतात. कुणी शंभर फूट सांगेल. पण रात्री गाय कळा द्यायला लागली तर ऐकू आली पाहिजे, त्यासाठीच तर तुम्ही जाताय. पन्नास-साठ फूट, मध्ये कडुनिंब, दारं-खिडक्यांना जाळी.

आणखी एक, हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मीच बोलते. तुमच्या घरात दोन जावा. आज एक चूल आहे, उद्या दोन होतील. होऊ नयेत असं म्हणत बसण्यापेक्षा भिंतीत तशी सोय ठेवा. वरच्या मजल्यावर एका खोलीत पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन आत्ताच काढून बंद करून ठेवा, जिना बाहेरून घ्या. जिना आत असला की वेगळं व्हायला भांडण करावं लागतं. बाहेर असला की माणसं प्रेमाने वेगळी होतात, सणाला खाली जेवायला येतात. आमच्या सासऱ्यांनी हे केलं होतं. त्यांना मी बाकी कशाचंही श्रेय देत नाही, ह्याचं देते.

कडबाकुट्टी (३१ मार्च, दुपारी २:४०)

बाहेरचा जिना आणखी एका कामाचा. गच्चीवर कुरडया, पापड, बियाण्याचे कांदे, डाळी वाळतात. हॉलमधून पोती नेणार का?

पाच गाई दुधात म्हणजे गोबरगॅस नक्की करा. २ घनमीटरच्या संयंत्राला दिवसाला साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, तुमच्याकडे त्याहून जास्त निघेल. सहा-सात माणसांचा स्वयंपाक निघतो, थंडीत थोडा कमी पडतो. जागा गोठा आणि स्वयंपाकघराच्या मध्ये, उन्हात. पाइप लांब गेला की त्यात पाणी साठतं आणि ज्योत फडफडते. विहिरीपासून लांब ठेवा. संडासाचा शोषखड्डाही विहिरीपासून किमान ५० फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला.

कडब्याची गंजी मात्र घराजवळ नको, आणि तारांखाली तर नकोच. ठिणगी पडली की बंब यायच्या आधी राख होते.

उसाचाफड (१ एप्रिल, रात्री ११:३०)

जुन्नरवरून. तुमच्या भागातही हा विषय आहे म्हणून. बिबट्या धरूनच घर आखा. घराभोवती निदान चाळीस फूट मोकळं, ऊस किंवा मका अंगणाला टेकू द्यायचा नाही. संडास-न्हाणी घराच्या छपराखाली, रात्री बाहेर जायची वेळच येऊ नये. वासरांचा भाग वरपर्यंत जाळीने बंद, छपराशी फट नको. मोरीत वाकून भांडी घासायची जागा अंधारात असेल तर तिथे दिवा. बसलेला, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो.

आणि लाईट. एक आठवडा थ्री फेज दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात जो दोन वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला उठतो त्याची खोली बाहेरच्या दाराशी ठेवा. नाहीतर एकासाठी आठ माणसं जागी होतात. मोबाइलवरचा स्टार्टर बसवला तरी पाणी फिरवायला जावंच लागतं.

डाळिंबराव (२ एप्रिल, रात्री ९:३०)

रात्रीचं पाणी म्हणजे भाऊ. आत्तापर्यंत त्याची खोली वर होती, खाली आणतोय. फवारणीचंही सांगा कुणीतरी. सध्या औषधं खोलीत कॉटखालीच असतात, लिहायला लाज वाटते.

कडबाकुट्टी (२ एप्रिल, रात्री १०:०५)

कॉटखालून आजच काढा, घर बांधेपर्यंत थांबू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, ते अजून विसरलेलो नाही. औषधांना वेगळी, कुलपाची, हवेशीर खोली, घराच्या भिंतीला न लागता. धान्य आणि वैरणीपासून लांब. तिच्या शेजारीच बाहेरची न्हाणी: फवारणारा माणूस तिथेच आंघोळ करणार, कपडे तिथेच धुणार, मग पडवीत येणार. त्याच न्हाणीला लागून मजूर बायकांसाठी संडास. टोमॅटो तोडणीला दिवसभर दहा-पंधरा बाया असतात. त्यांनी कुठे जायचं ते आपण कधी विचारत नाही.

किवीकाका (३ एप्रिल, पहाटे ४:५०)

मी न्यूझीलंडमध्ये वायकाटोत एका डेअरी फार्मवर आहे, मूळचा बारामतीकडचा. इथे प्रत्येक फार्मवरच्या घराला मागच्या दाराशी एक खोली असते, बूट-ओव्हरऑल काढायची, हात धुवायची. 'मड रूम' म्हणतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा आजीची मोरी आठवली. पुढचं दार इथेही कुणी वापरत नाही. मालकीणबाई सांगतात, पुढच्या दाराने फक्त पोलीस आणि पाद्री येतात.

स्लॅबवाला (३ एप्रिल, सकाळी १०:००)

फाटक १४ फूट ठेवा. ट्रॅक्टर-ट्रॉली चाळीपाशी वळते का ते जागेवर वळवून बघा, कागदावर सगळंच वळतं. जोतं ३ फूट घेतलंत तर साप-विंचू-पाणी तिन्हींना आळा बसेल, पण आईंसाठी पडवीच्या बाजूने रॅम्प द्या. दुधाचा कॅन ढकलायलाही बरा. पश्चिमेच्या भिंतीला कोठीची खोली किंवा जिना टाका, झोपायची खोली नको. संध्याकाळी ती भिंत तव्यासारखी असते.

डाळिंबराव (२१ एप्रिल, रात्री ८:५०)

मधे गप्प होतो, कांदा चाळीत भरत होतो.

आर्किटेक्टला वही दाखवली. आधी त्याला जरा लागलं, मग तो स्वतः मळ्यावर आला, अर्धा दिवस बाजेवर बसला, दोन वेळा चहा प्याला. नवा नकाशा त्याने तिथेच जमिनीवर काडीने काढला. हॉल गेला. त्याच्या जागी पुढे १० फुटांची ओसरी, रस्त्याकडे तोंड करून, भावाच्या समाधानासाठी. स्वयंपाकघर पूर्वेच्या कोपऱ्यात, पडवी त्याला चिकटून. बाहेरचा जिना. बहीण आली होती. तिने फक्त एवढंच सांगितलं की माहेरपणाला एक खोली तळमजल्यावर ठेवा, तिचे गुडघे आत्ताच बोलतात. ती ठेवली. तहसीलचा अर्ज दिलाय.

आज फक्की टाकून आखणी केली. पांढऱ्या रेघांत सगळे आपापल्या खोलीत उभे राहून आले. पोरांनी दारातूनच आत-बाहेर केलं, भिंतीतून कुणी गेलं की ओरडत होती. आई ओट्याच्या जागी उभी राहिली, हात पुढे करून खरकटं धुतल्यासारखं केलं आणि मान वर केली. मग म्हणाली, "पहिली गव्हाण दिसते. शेवटची नाही दिसत. कपिला शेवटच्या गव्हाणीला असते."

गवंडी म्हणाला, गाय पुढे बांधा. आई म्हणाली, ती दुसऱ्या गाईंना मारते, म्हणून तर शेवटी आहे.

खिडकी दोन फूट उजवीकडे सरकवली, तरी जमेना. शेवटी अख्खा गोठाच चार फूट दक्षिणेला घेतलाय. फक्की पुसून दोरी परत बांधली. उद्या सात वाजता जेसीबी येतोय, काळी माती परत आत ढकलू न द्यायला मी स्वतः उभा राहणार आहे.

मागचंदार (२१ एप्रिल, रात्री ९:१५)

आणि आईंना बसून जेवायला कुठे जागा केलीत, ते लिहिलं नाहीत.

डाळिंबराव (२१ एप्रिल, रात्री ९:२०)

पडवीत. तिला तिथूनच गोठा दिसतो, आत बसणार नाही म्हणते. तर आता सगळ्यांचंच जेवण पडवीत. ८ फुटांची १२ केली.